मोक्षमुल्लरांची नोकरी आणि मराठीची परीक्षा

जर्मन भाषेत ‘आवडणं’ या अर्थाचं एक क्रियापद आहे, ‘गेफालेन’. त्यानं पहिल्याच महिन्यात माझी फजिती केली.

गोष्ट १९९६ सालची. दिवसा बँकेत कारकुनी आणि संध्याकाळी फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारात जर्मनचे वर्ग, असा माझा दिनक्रम होता. तिसऱ्या वर्षी एका छोट्या खाजगी क्लासात नवशिक्यांना जर्मन शिकवायचं काम मिळालं. माझं स्वतःचं शिकणं अजून संपलं नव्हतं. सोमवारी मी विद्यार्थिनी असायची आणि मंगळवारी शिक्षिका. सोमवारी जे धड कळलेलं नसे, ते मंगळवारी ठणकावून सांगायचं. भाषा शिकवणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ही कसरत कधी ना कधी केलेली असते.

तर ‘मिअर गेफेल्ट डास बूख’ हे वाक्य मी फळ्यावर लिहिलं आणि इंग्रजीतून समजावू लागले. इंग्रजीत ‘आय लाइक द बुक’. पण जर्मनमध्ये पुस्तक कर्ता, आवडणारा माणूस चतुर्थीत, म्हणजे ‘द बुक इज प्लीझिंग टु मी’. वर्गातले चेहरे कोरे. मी पुन्हा समजावलं, बाण काढले, रंगीत खडू वापरले. शेवटी मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, “मॅडम, हे आपल्या ‘मला पुस्तक आवडतं’सारखंच आहे की.”

होतंच. शब्दाला शब्द लावून तेच होतं. ‘मिअर’ म्हणजे ‘मला’. ‘मिअर इस्ट काल्ट’ म्हणजे ‘मला थंडी वाजते’. जर्मनला तीन लिंगं आहेत, मराठीलाही तीन आहेत; जर्मन मुलगी व्याकरणात नपुंसकलिंगी असते याचं इंग्रजी पाठ्यपुस्तकाला केवढं आश्चर्य, आणि आपण मात्र ‘ते पोरगं’ म्हणताना क्षणभरही थबकत नाही. तीन वर्षं मी मराठीच्या अंगणातून निघून इंग्रजीच्या घाटानं वळसा घालत शेजारच्या घरी जात होते. त्या मुलाला हे सुचलं कसं, ते नंतर कळलं. त्याची आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती आणि तिनं त्याला विभक्ती घटवून घेतल्या होत्या. मला विचाराल तर ‘स, ला, ते’ ही घोकंपट्टी सोडली, तर मराठी व्याकरणातलं काहीही मला त्या दिवशी आठवत नव्हतं. मी पदवीधर होते!

आमच्या घरात मराठी व्याकरण ज्यांना खरोखर येत होतं, ते आजोबा, तात्या, कॉलेजची पायरी चढलेले नव्हते. ते व्हर्नाक्युलर फायनल झालेले, ट्रेनिंग कॉलेजात जाऊन ‘ट्रेंड’ झालेले लोकल बोर्डाचे मास्तर होते. मराठी सातवी पास झालेल्या मुलाला मास्तर होता येई, तलाठी होता येई. कॉलेजात जाता येत नसे. याउलट जो कॉलेजात जाई, तो मॅट्रिकनंतर मराठीचं पुस्तक परीक्षेसाठी उघडतच नसे, अशी कित्येक वर्षं गेली. ज्यांना मराठी नीट शिकवली गेली त्यांना पदवी नाही आणि ज्यांना पदवी त्यांना मराठी नाही, ही विभागणी कुणी आणि कधी केली, हा प्रश्न त्या मंगळवारपासून माझ्या मागे लागला. बँकेच्या सुट्ट्या आणि नंतर स्वेच्छानिवृत्तीची वर्षं मी त्यात घालवली. उत्तराचा एक धागा मला अनपेक्षित ठिकाणी सापडला: ऑक्सफर्डमध्ये, मोक्षमुल्लरांच्या नोकरीत.

*

मॅक्स म्युलर म्हटलं की आपल्याला ऋग्वेद आठवतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या खर्चानं त्यांनी सायणभाष्यासह ऋग्वेद छापायला घेतला, पहिला खंड १८४९ मध्ये निघाला, शेवटचा १८७४ मध्ये. आपल्या आधीच्या पिढ्यांनी त्यांचं ‘मोक्षमुल्लर’ असं बारसं करून टाकलं. पण हे गृहस्थ ऑक्सफर्डमध्ये पगार कशाचा घेत होते? संस्कृतचा नव्हे. १८५४ पासून ते ‘आधुनिक युरोपीय भाषांचे’ प्राध्यापक होते. संस्कृतचं बोडेन अध्यासन रिकामं झालं तेव्हा १८६० साली ते निवडणुकीला उभे राहिले आणि ८३३ विरुद्ध ६१० मतांनी हरले. जिंकले ते मोनियर विल्यम्स, ज्यांचा जन्म मुंबईचा. मतदार होते विद्यापीठाचे पदवीधर, त्यांत पाद्री पुष्कळ. आणि जर्मन माणसाच्या धर्ममतांविषयी त्यांना शंका होती. ही हकिकत अनेकदा सांगितली गेली आहे. जी सांगितली जात नाही ती अशी, की हरल्यावर मोक्षमुल्लर ज्या नोकरीवर परतले, त्या विषयात ऑक्सफर्ड पदवीच देत नव्हतं.

या अध्यासनाचा इतिहास गमतीचा आहे. सर रॉबर्ट टेलर नावाचे एक वास्तुविशारद १७८८ साली वारले. आधुनिक युरोपीय भाषा शिकवण्यासाठी संस्था काढावी म्हणून त्यांनी ऑक्सफर्डला पैसा ठेवला. तो पैसा हाती येऊन इमारत उभी राहायला १८४० चं दशक उजाडलं. टेलर इन्स्टिट्यूशनची ती देखणी इमारत आजही आहे. ग्रंथालय झालं, भाषाशिक्षक नेमले, प्राध्यापकही नेमला. पण विद्यार्थ्यानं फ्रेंच किंवा जर्मन शिकून करायचं काय? परीक्षा ग्रीक-लॅटिनची. १८८७ साली आधुनिक भाषांची ऑनर्स परीक्षा सुरू करण्याचा प्रस्ताव आला, तो मतदानात पडला. इतिहासकार फ्रीमन यांचा त्याला कडवा विरोध होता. त्यांचं म्हणणं, वाङ्मयाची आवड ही काही परीक्षेत मोजायची वस्तू नव्हे. शेवटी १९०३ साली ऑक्सफर्डनं आधुनिक भाषांना पदवीचा दर्जा दिला. मोक्षमुल्लर १९०० सालीच गेले होते. केंब्रिज थोडं आधी जागं झालं, तिथली पहिली परीक्षा १८८६ ची.

निष्पक्षपणे एक गोष्ट सांगायला हवी. लंडनचं युनिव्हर्सिटी कॉलेज १८२८ मध्ये उघडलं, तेव्हापासून तिथे आधुनिक भाषांचे प्राध्यापक होते. मुंबई विद्यापीठाचा साचाही लंडनचाच. पण साचा लंडनचा असला तरी तो चालवायला आलेली वजनदार माणसं ऑक्सफर्ड-केंब्रिजची होती, आणि माणूस आपल्या कॉलेजच्या भिंती बोटीत घालून बरोबर आणतो.

*

सर अलेक्झांडर ग्रँट अशा माणसांपैकी. बेलियल कॉलेजचे विद्यार्थी, ओरिएलचे फेलो, ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्राचे संपादक. १८६० मध्ये ते एल्फिन्स्टन कॉलेजात आले, १८६२ मध्ये प्राचार्य झाले, पुढे विद्यापीठाचे कुलगुरू आणि १८६५ पासून शिक्षणखात्याचे डायरेक्टर. १८६८ मध्ये ते एडिंबरोला प्राचार्य म्हणून गेले. आठ वर्षांत एवढ्या किल्ल्या एका माणसाच्या हाती आल्या. वाईट माणूस नव्हे. विद्यार्थ्यांवर त्यांचा जीव होता. रानड्यांच्या चरित्रांत मात्र एक प्रसंग नेहमी येतो: मराठी राज्याची बाजू घेणारा निबंध लिहिला म्हणून ग्रँटनी या लाडक्या विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती सहा महिने थांबवली. माणूस कसा होता ते एवढ्यावरून कळतं. शिकवतील मनापासून, पण काय शिकायचं ते आपणच ठरवतील.

१८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झालं तेव्हा देशी भाषांना परीक्षांत जागा होती. १८५४ च्या वुडच्या खलित्यात तर विद्यापीठांत देशी भाषांची अध्यासनं असावीत असंही म्हटलेलं होतं. मात्र १८६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच मॅट्रिकच्या पुढे मराठी, गुजराती, कानडी वगळून त्या जागी अभिजात भाषा आणल्या गेल्या. ग्रँट या बदलाचे पुरस्कर्ते. कारण वरवर पाहता पटण्यासारखं होतं. मराठीत पदवीच्या विद्यार्थ्यानं वाचावं असं गद्य कुठे आहे? आधी तरुणांनी संस्कृत आणि इंग्रजी पचवावी, मग तेच मराठीला समृद्ध करतील. झऱ्याचं मूळ वर आहे, पाणी आपोआप खाली येईल.

हा युक्तिवाद आपण ‘साम्राज्यवादी’ म्हणून एका शब्दात निकाली काढतो. मीही बरीच वर्षं तसंच मानत होते. ऑक्सफर्डचा इतिहास वाचल्यावर मात्र मला माझं मत दुरुस्त करावं लागलं. मराठीला दार बंद करणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या विद्यापीठात गटे आणि मोल्येर यांनाही दार बंदच होतं. आधुनिक भाषा बोलायच्या असतात, दुकानात नि प्रवासात वापरायच्या असतात; ज्यांचा अभ्यास करायचा त्या भाषा मेलेल्या असाव्या लागतात, ही त्या मंडळींची प्रामाणिक समजूत होती. आयसीएसची पहिली खुली स्पर्धापरीक्षा १८५५ साली झाली. तिच्या गुणपत्रकात ती समजूत आकड्यांत दिसते: ग्रीक आणि लॅटिन प्रत्येकी ७५० गुण, फ्रेंच, जर्मन, इटालियन प्रत्येकी ३७५. जिवंत भाषेची किंमत बरोबर निम्मी. संस्कृतलाही ३७५ च होते, म्हणजे मेलेपणातही प्रतवारी होती, हे जाता जाता.

तरी एक फरक उरतोच आणि तो लहान नाही. ऑक्सफर्डच्या मुलानं फ्रेंचची परीक्षा दिली नाही, तरी इंग्रजीतच तो बाकी सगळं शिकत होता. मुंबईच्या मुलाकडून काढून घेतली ती त्याची स्वतःची भाषा. आणि त्याच काळात आयसीएस होऊन मुंबई इलाख्यात येणाऱ्या इंग्रज तरुणाला मराठीची परीक्षा द्यावीच लागे. साहेबानं मराठी शिकायची, सदाशिव पेठेतल्या मुलानं नाही!

साहेबांची ही मराठी काही नवी नव्हती. मराठी हा कॉलेजात शिकवण्याचा विषय झाला तोच मुळी साहेबांसाठी, आणि तोही कलकत्त्यात. १८०० साली निघालेल्या फोर्ट विल्यम कॉलेजात विल्यम कॅरी मराठी शिकवू लागले. हे कॅरी मूळचे चांभारकाम करणारे, भाषा स्वतःच्या स्वतः शिकलेले. महाराष्ट्रापासून इतक्या दूर ते वैजनाथ पंडितांच्या मदतीनं मराठी शिकले, आणि शिकता शिकताच शिकवू लागले. १८०५ मध्ये त्यांचं मराठी व्याकरण निघालं, १८१० मध्ये मोडी लिपीतला कोश. माझ्यासारख्या एकलव्यांना कॅरीविषयी जरा जास्तच माया वाटते हे कबूल करते. पण त्या व्याकरणातली प्रत्येक ओळ खरं तर वैजनाथ पंडितांच्या तोंडून आलेली. कॉलेजचे प्राध्यापक कॅरी. पंडित ते पंडितच राहिले. ज्याची भाषा त्याला बाजूची जागा, ही रीत तिथूनच सुरू झाली म्हणायची.

*

आता तात्यांच्या बाजूला वळते.

मराठी शिक्षक घडवण्याचा पद्धतशीर प्रयत्न मुंबईत १८४५ च्या सुमारास सुरू झाला. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये ‘नॉर्मल क्लास’ निघाला आणि तो बाळशास्त्री जांभेकरांकडे सोपवला गेला. ‘दर्पण’कार जांभेकर आपल्याला माहीत असतात, शिक्षकांचे शिक्षक जांभेकर फारसे माहीत नसतात. ते १८४६ च्या मे महिन्यात अकाली गेले. मग हा वर्ग दादोबा पांडुरंग तर्खडकरांकडे आला. दादोबांचं मराठी व्याकरण १८३६ साली, त्यांच्या बाविशीतच, छापून झालं होतं. म्हणजे नव्या शिक्षकांना मराठी शिकवायला खुद्द व्याकरणकारच उभे. त्या काळी युरोपातल्या कुठल्या विद्यापीठात जिवंत भाषेच्या विद्यार्थ्याला असं भाग्य लाभत होतं?

वातावरण मात्र ढवळलेलं होतं. बोर्ड ऑफ एज्युकेशनचे अध्यक्ष अर्स्किन पेरी यांना सरकारचा पैसा इंग्रजीवर लागायला हवा होता. जगन्नाथ शंकरशेट आणि कर्नल जर्व्हिस यांनी १८४७-४८ च्या वादात देशी भाषांची बाजू लावून धरली. जर्व्हिस यांनी गणिताची पुस्तकं मराठीत आणली होती. मराठीत शास्त्र शिकवता येतं की नाही, याचा पुरावा त्यांच्या टेबलावरच होता. या वादातून निघालेली तडजोड कुणी कागदावर लिहिली नाही, पण अमलात आली. खालच्या शाळा मराठी, वरच्या इंग्रजी. मराठीला शिक्षक मिळाले, विद्यापीठ मिळालं नाही.

पुण्यात या परंपरेला ट्रेनिंग कॉलेजचं रूप आलं. कृष्णशास्त्री चिपळूणकर त्याचे प्रमुख होते. शिक्षकांसाठी ‘शालापत्रक’ नावाचं मासिक निघे. त्यात कृष्णशास्त्र्यांनी दादोबांच्या व्याकरणातल्या एकेका मुद्द्याची चिकित्सा करणारे निबंध लिहिले. प्रत्यय कशाला म्हणावं, विभक्ती किती मानाव्यात, ‘मला’ ही द्वितीया की चतुर्थी, असले प्रश्न. आज आपण ज्याला संशोधनपर नियतकालिक म्हणू, ते काम खेड्यापाड्यांतल्या मास्तरांच्या मासिकात चाललं होतं. विद्यापीठात तेव्हा मराठी नव्हती. पुढे चिरंजीव विष्णुशास्त्र्यांनी ‘शालापत्रक’ सांभाळलं आणि जानेवारी १८७४ मध्ये ‘निबंधमाला’ सुरू केली. विष्णुशास्त्री १८७२ चे बी.ए.; पण त्यांचं मराठी गद्य विद्यापीठाच्या कुठल्याच अभ्यासक्रमानं घडवलेलं नाही. ते मास्तरांच्या मासिकाच्या तालमीत घडलं. ‘मराठीत गद्य कुठे आहे’ या ग्रँटसाहेबांच्या काळच्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याच खात्याच्या खालच्या मजल्यावर छापलं जात होतं!

मेजर कँडींचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाववत नाही. मोल्सवर्थच्या कोशाचे हे सहकारी. क्रमिक पुस्तकांची भाषा तपासण्याचं काम वर्षानुवर्षं त्यांच्याकडे होतं. मराठीत स्वल्पविराम, पूर्णविराम रुळले त्यात त्यांचा हात मोठा. तात्या वर्गात ‘इथे थांबायचं, इथे श्वास घ्यायचा’ असं शिकवायचे. त्यांना ते थांबे एका इंग्रजानं घालून दिलेत याची कल्पना असावी असं वाटत नाही. असती, तर त्यांनी मिशीत हसून सोडून दिलं असतं.

*

विद्यापीठात मराठी पहिल्यांदा शिरली ती भाषा म्हणून नव्हे, संस्कृतची नात म्हणून. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी १८७७ साली विल्सन व्याख्यानमालेत संस्कृतपासून पाली, प्राकृत, अपभ्रंश आणि पुढे आजच्या भाषांपर्यंतचा प्रवास मांडला. व्याख्यानं इंग्रजीत. फार थोर काम. तरी एक मौज बघा. भांडारकरांची संस्कृतची दोन पुस्तकं, ज्यांवर आपल्याकडच्या पिढ्या संस्कृत शिकल्या, तीही इंग्रजीतून लिहिलेली आहेत. ‘रामाय’ म्हणजे ‘रामाला’ हे मराठी मुलगा ‘टु राम’ या वाटेनं शिकला. माझ्या ‘मिअर गेफेल्ट’चे पूर्वज इथे भेटले, तेव्हा मला जरा हायसं वाटलं.

युरोपातही असंच झालं होतं, आणि यात मला खरा रस आहे. आधुनिक भाषांना विद्यापीठात प्रवेश मिळवायचा तर त्यांनी जुन्या भाषांचा पोशाख घालणं भाग होतं. म्हणून परीक्षेत जुनी फ्रेंच, मध्ययुगीन जर्मन, ध्वनिपरिवर्तनाचे नियम. जर्मन विद्यापीठांतून फ्रेंच-इंग्रजी शिकून बाहेर पडलेला तरुण शाळेत शिक्षक होई, तेव्हा त्याला आठशे वर्षांपूर्वीची फ्रेंच वाचता येई, पण पॅरिसमध्ये पाव मागता येत नसे. शाळेत मग तो काय करणार? जे येत होतं तेच: नियम, अपवाद, भाषांतर. उलट ज्याला खरंच फ्रेंच बोलता येई, तो ‘फ्रेंच मास्तर’ इंग्लंडातल्या शाळेत नृत्यशिक्षकाच्या पंगतीला बसवला जाई. तिथेही दोन शिड्या होत्या.

१८८२ साली विल्हेल्म फिएटर या जर्मन शिक्षकानं टोपणनावानं एक पुस्तिका काढली. मथळ्याचा आशय असा, की भाषाशिक्षणानं आता मागे वळलं पाहिजे. भाषा आधी कानाची आणि तोंडाची, मग डोळ्यांची. वाक्य आधी, नियम नंतर. आणि शिक्षकाला उच्चारशास्त्र यायला हवं. या पुस्तिकेनं युरोपभर वादळ उठवलं. १८८६ मध्ये पॅरिसमध्ये पॉल पासी आणि इतरांनी ज्या संस्थेचा पाया घातला, तीच आज जगभरच्या कोशांत वापरल्या जाणाऱ्या उच्चारचिन्हांची संस्था. सुरुवातीला ती भाषा शिकवणाऱ्या शिक्षकांची संघटना होती. ऑक्सफर्डमधले हेन्री स्वीट, ज्यांची थोडी छाया बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’मधल्या प्राध्यापकावर पडली आहे, हयातभर अध्यासनाची वाट पाहत राहिले. ते मिळालं नाही. रीडर म्हणून तेवढी नेमणूक झाली. बोलीचा अभ्यास करणाऱ्याला ऑक्सफर्ड इतपतच मानत होतं.

ज्या वर्षी फिएटरची पुस्तिका निघाली, त्याच १८८२ च्या ऑक्टोबरात पुण्यात जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे आपलं निवेदन ठेवलं. दोघांना एकमेकांचा पत्ता असण्याचं कारणच नाही. पण दोघांचाही प्रश्न शिक्षकाविषयी होता. फुल्यांनी विचारलं ते अधिक मुळावरचं. प्राथमिक शाळांतले शिक्षक जवळजवळ सगळे ब्राह्मण, त्यांचा पगार तुटपुंजा, पुष्कळांचं ट्रेनिंग झालेलं नाही. त्यांनी मागणी केली की शिक्षक प्रशिक्षित असावेत, शेतकरी वर्गातून यावेत, नांगराला हात लावायची ज्यांना लाज वाटत नाही असे असावेत. अभ्यासक्रमात त्यांनी मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, व्याकरण, शेतीची प्राथमिक माहिती अशा गोष्टी सुचवल्या. विद्यापीठाच्या पदव्यांवर सरकार खर्च करतं आणि तो पैसा ज्यांच्या शेतसाऱ्यातून येतो त्यांची मुलं शाळेबाहेर राहतात, हे त्यांचं दुखणं. पाणी वरून खाली झिरपेल या सिद्धान्तावर त्यांचा विश्वास नव्हता. मराठी विद्यापीठात असावी की नसावी या वादात त्यांचं नाव सहसा घेतलं जात नाही. मला वाटतं घ्यायला हवं. मराठीचा शिक्षक कुठून येतो, हे विचारल्याशिवाय मराठीच्या परीक्षेला अर्थ काय?

*

रानड्यांनी हा प्रश्न आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत सीनेटमध्ये लावून धरला. ग्रँटनी शिष्यवृत्ती थांबवलेला विद्यार्थी आता हायकोर्टाचा न्यायमूर्ती होता. १८९८ मध्ये त्यांनी मराठी वाङ्मयाच्या वाढीवर इंग्रजीत एक टिपण लिहिलं. त्यात भावनेचं आवाहन फारसं नाही, हिशेब आहे. किती ग्रंथ छापले गेले, कोणत्या विषयांवर, भाषांतरं किती, स्वतंत्र किती. ‘तुमच्या भाषेत आहे काय?’ असं विचारणाऱ्यांसमोर त्यांनी वहीखातं ठेवलं. मला हे टिपण वाचताना बँकेतली वर्षं आठवली. भांडणापेक्षा ताळेबंद बोलका असतो हे त्यांना ठाऊक होतं.

१६ जानेवारी १९०१ रोजी ते गेले. त्यानंतर लवकरच विद्यापीठानं एम.ए.च्या परीक्षेत देशी भाषांना जागा दिली. लक्षात घ्या, एम.ए.ला. बी.ए.ला नव्हे. म्हणजे मॅट्रिकला मराठी, मग मधल्या पायऱ्या रिकाम्या, आणि एकदम गच्चीवर मराठी. बी.ए.ला मराठी घेण्याची सोय पुढे झाली. कलकत्त्यात आशुतोष मुखर्जींनी १९१९ मध्ये भारतीय भाषांचा स्वतंत्र एम.ए. सुरू केला. त्यात मुख्य भाषेबरोबर दुसरीही एक भारतीय भाषा शिकावी लागे. ही मला फार शहाणपणाची अट वाटते. धोंडो केशव कर्व्यांच्या महिला विद्यापीठानं १९१६ मध्ये मराठी माध्यमच स्वीकारलं, आणि पदवीच्या वर्गात मराठी बोलली गेली ती मुलींच्या वर्गात आधी. मुंबई विद्यापीठाचा स्वतःचा मराठी विभाग मात्र १९६९ चा.

माध्यमिक शिक्षकांसाठी १९०६ मध्ये मुंबईत सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज निघालं, ते पदवीधरांचं आणि इंग्रजी शाळांसाठी. म्हणजे प्रशिक्षणातही दोन शिड्या झाल्या. खालच्या शिडीवरच्या तात्यांना व्याकरण येई; वरच्या शिडीवरच्या मास्तरांना मान मिळे.

उलट दिशेचीही काही माणसं होतात, ती सांगितली नाहीत तर चित्र एकांगी होईल. पांडुरंग दामोदर गुणे लाइपझिगला जाऊन तौलनिक भाषाशास्त्र शिकून आले. ना. गो. कालेलकर पॅरिसमध्ये शिकले आणि त्यांनी मराठीत भाषाविज्ञान इतकं सोपं करून लिहिलं, की माझ्यासारखीला ते गुरूविना वाचता आलं. वासुदेव गोपाळ परांजप्यांनी जूल ब्लॉक यांचा मराठी भाषेच्या घडणीवरचा फ्रेंच ग्रंथ १९४१ साली मराठीत आणला. इंग्रजीला वळसा न घालता फ्रेंचमधून थेट मराठीत. ज्या प्रतीवरून मी तो वाचला, तिची पानं हात लावताच तुटत होती. एकेक पान दोन्ही तळव्यांवर घेऊन उलटावं लागे. पण त्यात ‘ला’ या प्रत्ययाची चर्चा येते तिथे मी थांबले, आणि गेफालेनच्या त्या मंगळवारची उधारी काही अंशी फिटली असं मला वाटलं.

*

जर्मन मी अजून शिकवते, आठवड्यातून दोन दिवस, घरीच. चतुर्थीचा धडा येतो तेव्हा इंग्रजीचा शब्द काढत नाही. आधी विद्यार्थ्यांना विचारते: तुम्हाला काय आवडतं, कशाचा राग येतो, कुणाची आठवण येते, मराठीत सांगा. फळा ‘मला’, ‘तुला’, ‘आईला’ यांनी भरला की त्याच्या शेजारी जर्मन लिहिते. पंधरा मिनिटांत धडा होतो. जे कोडं सुटत नाही तेही मग सांगते. मराठीत द्वितीयेलाही ‘ला’ आणि चतुर्थीलाही ‘ला’. जर्मनमध्ये दोन्ही वेगळे. ‘मला बघ’ आणि ‘मला दे’ यांतल्या दोन ‘मला’ना जर्मन दोन वेगळे शब्द वापरते. कृष्णशास्त्र्यांचा ‘शालापत्रका’तला वाद इथे जिवंत होतो आणि मुलं खरोखर भांडतात.

दोन वर्षांपूर्वी गावाकडचं घर विकलं, तेव्हा तात्यांची पत्र्याची ट्रंक माझ्याकडे आली. तीत ट्रेनिंग कॉलेजचं प्रमाणपत्र, दादोबांच्या व्याकरणाची कव्हर नसलेली प्रत आणि पाठटाचणांची एक वही निघाली. वहीतला एक पाठ विभक्तीचा आहे. शाई तपकिरी झाली आहे, पण अक्षर वाचता येतं. हेतू, साहित्य, पूर्वज्ञान, असे रकाने आहेत. पद्धतीच्या रकान्यात लिहिलं आहे: ‘प्रथम मुलांकडून वाक्ये बोलवून घेणे. नियम शेवटी.’ उदाहरणांत पहिलं वाक्य ‘मला गूळ आवडतो’, दुसरं ‘गणूला ताप आला’. समासात तपासणीला आलेल्या दिपोटीसाहेबांचा लाल शेरा आहे: ‘पाठ बरा. फळ्यावरील अक्षर मोठे असावे.’